पत्ते मोजणे हा गुन्हा नव्हे. पण दाद कुठे मागायची ते आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या कॅसिनोंवर आलेला लेख इथे टल्सामध्ये बसून वाचला. हा विषय आपल्या वृत्तपत्रात आला याचा मला आनंदच आहे. ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस या पट्ट्यात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले शनिवार-रविवारी या कॅसिनोंत जातात आणि घरी फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण लेखातल्या दोन विधानांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे २१ च्या जवळ पोचण्याच्या पत्त्यांच्या खेळात, पत्ते मोजणे हा अमेरिकेत गुन्हा आहे, हे एक. आणि जमातींच्या जागेवर कायदाच नसतो, त्यामुळे हुशार माणसाला तिथे रान मोकळे मिळते, हे दुसरे. पहिले साफ चुकीचे आहे. दुसरेही चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून कुणी पैसे घेऊन निघाला तर ते पैसे अडकण्याची शक्यता आहे.

मी मूळची मिरजेची. इथल्या एका कॉलेजात बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवले. ब्लॅकजॅक मी आणि माझे यजमान हिशेब ठेवून खेळतो. प्रत्येक बैठकीची वेळ, टेबलाचे नियम आणि आलेला-गेलेला पैसा वहीत मांडलेला असतो. त्यामुळे पुढे लिहिते ते ऐकीव नाही.

पत्ते मोजणे म्हणजे काय? मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोट खेळताना किती दश्श्या पडल्या आणि किती बाकी आहेत हे आपण लहानपणापासून लक्षात ठेवतो, तेच. दुर्री ते छक्की पडली की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की उणे एक. ही चालती बेरीज अजून न वाटलेल्या कॅटच्या संख्येने भागायची. उत्तर जितके मोठे, तितकी उरलेल्या पत्त्यांत चित्रे आणि एक्के जास्त, आणि तितका खेळाडूचा फायदा. ढोबळ मानाने उत्तर एकाने वाढले की पारडे अर्ध्या टक्क्याने खेळाडूकडे झुकते. नियम बरे असतील आणि हात नीट खेळला असेल तर कॅसिनोची मूळ आघाडीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे उत्तर दोन झाले की तुम्ही पुढे, आणि तेव्हाच डाव, म्हणजे लावलेली रक्कम, वाढवायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने हे संगणकावर मांडून दाखवले, तेव्हापासून यात गुप्त असे काही उरलेले नाही.

डोक्याने मोजायला अमेरिकेत कुठेही बंदी नाही. नेवाडात, म्हणजे लास व्हेगासच्या राज्यात, १९८५ पासून गुन्हा आहे तो यंत्राची मदत घेणे. मात्र तिथला कॅसिनो ही खासगी जागा आहे. तुम्ही मोजता असे वाटले तर ते तुम्हाला जायला सांगू शकतात, आणि सांगितल्यावरही परत आलात तर ती अनधिकृत घुसखोरी ठरते. न्यू जर्सीत गोष्ट उलटी आहे. केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की कॅसिनोला केवळ पत्ते मोजतो म्हणून कुणाला बाहेर काढता येणार नाही. त्यामुळे अटलांटिक सिटीत तुम्हाला हाकलत नाहीत. पत्ते मध्येच पिसतात किंवा तुमचा डाव ठरावीक रकमेवर अडवतात.

आता जमातींचे कॅसिनो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काबाझोन जमातीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमातींच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, संसदेने इंडियन गेमिंग रेग्युलेटरी ॲक्ट केला. त्यात खेळांचे तीन वर्ग पाडले; आपल्या कामाचे त्यातले दोन. बिंगो आणि त्याच्या जवळचे खेळ दुसऱ्या वर्गात. स्लॉट मशीन, ब्लॅकजॅक, रूलेट वगैरे तिसऱ्या वर्गात, आणि त्यासाठी जमातीने राज्याबरोबर करार करायचा. जमातीचे स्वतःचे गेमिंग कमिशन, त्यावर वॉशिंग्टनचे राष्ट्रीय कमिशन, शिवाय राज्याच्या कराराच्या अटी, असा हा कारभार आहे. याला कायदा नाही असे कसे म्हणता येईल? कायदा आहे, फक्त तो करणारे आणि राबवणारे हात वेगळे आहेत. खेळाडूने समजून घ्यायचे ते नेमके हेच.

२०२३ या आर्थिक वर्षात जमातींच्या कॅसिनोंचे एकूण उत्पन्न सुमारे ४१९० कोटी डॉलर होते. हा आकडा वाचून डोळ्यांपुढे राजवाडे उभे राहतात, आणि तसे आहेतही. टेक्सासच्या सीमेवर थॅकरव्हिलला चिकसॉ नेशनचे विनस्टार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाताना पाय दुखतात. पण आमच्या राज्यात हायवेच्या कडेला, पेट्रोल पंपाला लागूनच उभे असलेले छोटे कॅसिनो पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ते या छोट्यांबद्दल.

अशा ठिकाणी ब्लॅकजॅकची दोन-तीन टेबले, तीही शुक्रवार-शनिवारी संध्याकाळीच उघडी. पाच डॉलरपासून डाव, वर शंभर किंवा दोनशेची मर्यादा. आपोआप पत्ते पिसणारे यंत्र नाही. सहा कॅट हाताने पिसायला डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, चांगली चार-पाच मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ टेबल रिकामे बसते. म्हणून पिवळे कट कार्ड, म्हणजे कुठे थांबून पुन्हा पिसायचे याची खूण, तो अगदी शेवटी, जेमतेम एक कॅट मागे ठेवून खुपसतो, म्हणजे पुन्हा पिसण्याची वेळ उशिरा येईल. मोजणाऱ्याला यापेक्षा हवे ते काय? जितके खोलवर पत्ते वाटले जातील तितकी मोजणी खरी उतरते. मोठ्या व्यापारी कॅसिनोत याच्या नेमके उलटे: कमी डावाच्या टेबलांवर पत्ते सतत पिसत राहणारे यंत्र, नाहीतर दीड-दोन कॅट न वाटताच गड्डी उचलली जाते, आणि ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) लागला तर ३ ला २ ऐवजी ६ ला ५ हा भाव. दहा डॉलरच्या डावावर पंधरा मिळायचे तिथे बारा मिळतात. या एका बदलाने कॅसिनोची आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, आणि लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर स्वस्त टेबलांवर आता बहुधा हाच भाव दिसतो.

मग छोटा कॅसिनो चांगला, असे वाटते ना? माझे विद्यार्थीही इथेच थांबत. पण आता रक्कम मांडून पाहा. तासाला साठ हात, सरासरी डाव पंचवीस डॉलर, आणि सगळे काही सुरळीत चालले तर एक टक्का फायदा. तासाला पंधरा डॉलर झाले. पण डाव कमी-जास्त करत खेळल्यावर तासाभरातला चढउतार सहज तीनशे डॉलरचा असतो. फायदा अशा चढउताराच्या बरोबरीला यायला चारशे तास लागतात: तेव्हा अपेक्षित नफा सहा हजार, आणि नशिबाची उलथापालथही सहा हजारांची (ती तासांच्या वर्गमुळाने वाढते: तीनशे गुणिले वीस). म्हणजे चारशे तास एकही चूक न करता खेळणाऱ्या दर सहा जणांतला साधारण एक जण तरीही तोट्यातच असतो. दोन टेबलांच्या कॅसिनोत चारशे तास बसायला मिळते का? डीलर तुमचे नाव लक्षात ठेवतो, टेबलांवर देखरेख करणारा पिट बॉस शेजारच्या गावचाच असतो, आणि पाचाचा डाव एकदम शंभरावर गेला की आख्खी खोली वळून बघते. व्हेगासच्या गर्दीत तो डाव कुणाच्या खिजगणतीतही नसतो. छोट्या ठिकाणी मी सर्वात लहान डावाच्या चौपटीवर डाव वाढवत नाही. फायदा त्याने जवळपास निघून जातो हे खरे, आणि म्हणूनच तिथे मोजणीवर घर चालवण्याची स्वप्ने कुणी पाहू नयेत.

राज्याराज्याच्या करारांतही मेख असते. ओक्लाहोमाच्या २००४ च्या कायद्यात कॅसिनोला स्वतः बँकर होऊन, म्हणजे खेळाडूंविरुद्ध स्वतःचे पैसे लावून, पत्ते खेळवता येत नव्हते, म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रत्येक हाताला ५० सेंटची अँटी, म्हणजे खेळण्याची फी, घेत. पाच डॉलरच्या डावावर ती दहा टक्के होते! कितीही अचूक मोजा, ते भरून निघणे अशक्य. पन्नासच्या डावावर ती एक टक्का. बोर्डावर ‘३ ला २’ लिहिलेले पाहून खुशीत बसणाऱ्यांना ही अँटी दिसत नसे. चेंडू आणि फासे यांनाही इथे २०१८ पर्यंत परवानगी नव्हती, त्यामुळे क्रॅप्स (फाशांचा खेळ) आणि रूलेट (चाकावर फिरणाऱ्या चेंडूचा खेळ) यांचा निकाल पत्त्यांवर काढत. फाशाला स्मृती नसते, पण पत्त्याला असते. एकदा पडलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. जाणकार खेळाडूंनी यातून मार्ग काढले. डोळसपणे नियम वाचण्याचे फळ मिळाले ते अशा जागी.

मशीनची गोष्ट तर प्रत्येक नवख्याला सांगावी अशी आहे. नेवाडात व्हिडिओ पोकरचे, म्हणजे मशीनवरच्या पत्त्यांच्या खेळाचे, पत्ते खऱ्या ५२ पत्त्यांच्या कॅटइतक्याच शक्यतेने पडले पाहिजेत, असा नियम आहे. म्हणून तिथे मशीनवरचा भावाचा तक्ता वाचून परतावा काढता येतो: जॅक्स ऑर बेटर या प्रकारात लावलेल्या एका डॉलरमागे फुल हाउस (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) लागल्यास ९ आणि फ्लश (पाचही एकाच प्रकारचे) लागल्यास ६ असेल तर बिनचूक खेळल्यावर ९९.५४ टक्के. जमातीच्या कॅसिनोतल्या दुसऱ्या वर्गाच्या मशीनवर तोच तक्ता, तीच चित्रे, पण आतून चालतो तो बिंगो. स्क्रीनच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे बिंगोचे कार्ड लुकलुकत असते. तुम्ही राजा ठेवा की टाका, बक्षीस बिंगोच्या सोडतीनेच ठरते. तक्ता पाठ करून आलेल्या मुलांना मी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाखवते. ते कार्ड दिसले की शिकलेली सगळी युक्ती खिशात ठेवायची.

आता माझा मुख्य मुद्दा. वाद झाला तर काय? नेवाडात ५०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेचा वाद मिटला नाही तर कॅसिनोला स्वतःहून राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाला कळवावे लागते. बोर्ड कॅसिनोच्या मालकीचे नाही. जमातीच्या कॅसिनोत तक्रार जाते जमातीच्याच गेमिंग कमिशनकडे. जमात सार्वभौम असल्याने, तिने स्वतः संमती दिली असेल तेवढ्याच बाबतीत आणि तेवढ्याच मर्यादेत तिच्यावर दावा लावता येतो. ती संमती बहुधा राज्याबरोबरच्या करारात लिहिलेली असते, मुदतीसकट.

याचा अर्थ काय होतो ते दोन गाजलेल्या प्रकरणांत दिसते. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना थोडी तिरकी राहते, त्यावरून मोठा पत्ता ओळखायचा, अशी युक्ती फिल आयव्ही या पोकरपटूने आणि त्याच्या साथीदार महिलेने अटलांटिक सिटीच्या बोर्गाटामध्ये २०१२ साली बाकारा या पत्त्यांच्या खेळात वापरली. कॅसिनोने पैसे दिले. नंतर लक्षात आल्यावर २०१४ मध्ये कॅसिनोलाच कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि २०१६ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सुमारे १ कोटी १ लाख डॉलर परत करायला सांगितले. त्याच महिलेने दोघांबरोबर २०११ मध्ये कनेक्टिकटच्या फॉक्सवुड्समध्ये, मशांटकेट पिक्वॉट जमातीच्या कॅसिनोत, याच रीतीने ११ लाख डॉलरांहून अधिक जिंकले होते. तिथे कॅसिनोने ते दिलेच नाहीत, आणि जमातीच्या कमिशनने कॅसिनोची बाजू उचलून धरली. युक्ती योग्य होती की नाही, यावर मी इथे बोलत नाही. पैसे आधी कुणाच्या हातात होते आणि दाद मागायला कुणाला जावे लागले, तेवढे पाहा.

छोट्या प्रमाणावर हेच माझ्या भाच्याच्या वाट्याला आले. एका छोट्या कॅसिनोत तो चांगला खेळला, उठला, आणि खिडकीवर चिप दिल्यावर कॅशियरने त्या मोजून ट्रेमध्ये ठेवल्या आणि सांगितले, चौकशी होईपर्यंत रक्कम मिळणार नाही. हातात पावती नाही. त्याने आवाज चढवला नाही हे फार बरे केले. ‘मावशी, आता काय करू?’ म्हणून पार्किंगमधूनच त्याचा फोन आला. मी त्याला म्हटले, परत आत जा, शिफ्ट मॅनेजरकडून रक्कम आणि वेळ लिहून घे, खाली सही माग. तो कागद मिळाला. मग आम्ही त्या राज्याचा करार काढून वाचला, मुदतीच्या आत कमिशनकडे लेखी अर्ज केला. काही आठवड्यांनी कमिशनच्या बाईंनी त्याला बोलावले, कॅमेऱ्याचे चित्रण पाहिल्याचे सांगितले आणि पूर्ण रकमेचा चेक दिला. सोबत तिथे पुन्हा न येण्याची नोटीसही. तो पैसा त्याला मिळाला तो त्या कागदामुळे आणि मुदत पाळल्यामुळे, आणि कमिशनने आपले काम चोख केल्यामुळे. ‘तिथे कायदा नसतो’ असे समजून तो चरफडत घरी आला असता तर काहीच मिळाले नसते.

म्हणून मी छोट्या ठिकाणी आगाऊ रक्कम जमा ठेवत नाही, चिप घरी नेत नाही, आणि उठायला सांगितले की आभार मानून उठते. जमातीच्या जमिनीवरून कुणाला बाहेर काढायचे हा तिचा अधिकार आहे, तो मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. १९८८ च्या कायद्याने जमातीच्या कॅसिनोचा निव्वळ नफा ठरावीक पाच कामांवरच खर्च करता येतो: जमातीचा राज्यकारभार, लोकांचे कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म आणि स्थानिक शासनांना मदत. ओक्लाहोमात राहताना याची फळे रोज दिसतात, दवाखाने, रस्ते, आजीआजोबांची भाषा शिकवणाऱ्या शाळा. १८३० च्या दशकात चेरोकी, चोक्टॉ, मस्कोगी यांना त्यांच्या घरादारावरून उठवून इकडे चालवत आणले, वाटेत हजारो मेले, आणि मग इथलीही जमीन तुकडे करून काढून घेतली. छोट्या कॅसिनोच्या जाहिरातीत कधीकधी हिशेबाची चूक असते, हरलेल्या रकमेची परतफेड जास्तच उदार ठेवलेली असते. त्याचा सुगावा लागला की बाहेरगावच्या टोळ्या येऊन दोन दिवसांत तिजोरी रिकामी करतात. कायद्याने ते चालते. मी त्यात जात नाही आणि माझ्या शब्दाला मान देणाऱ्या कुणाला जाऊ देत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या कॅसिनोत हीच चूक सापडली तर मी आनंदाने तिचा फायदा घेईन.

आपल्या मुलांसाठी तीन गोष्टी छापाल तर उपकार होतील. इथल्या बऱ्याच जमातींच्या कॅसिनोंत प्रवेशाचे वय १८ आहे, नेवाडासारखे २१ नाही. म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही फीचे पैसे घेऊन आत जाऊ शकतो. दहा हजार डॉलरांपेक्षा जास्त रोख रक्कम देता-घेताना कॅसिनोला, जमातीच्या असो वा व्यापारी, सरकारकडे नोंद करावी लागते. त्या नोंदीत काहीही वाईट नाही. ती टाळायला रक्कम तुकड्यांत काढणे मात्र फेडरल गुन्हा आहे, पैसा कितीही सचोटीचा असला तरी, आणि व्हिसावर असलेल्या मुलाला तो आयुष्यभर पुरेल. तिसरी गोष्ट नवी आहे: २०२६ पासून करात हरलेल्या रकमेची ९० टक्केच वजावट मिळते. वर्षात एक लाख जिंकले आणि नव्वद हजार हरले, तर हातात दहा हजार उरतात. पण वजावट ८१ हजारांचीच, म्हणून कर लागतो १९ हजारांवर. तासाला पंधरा डॉलरच्या धंद्याचे यात काय उरते ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

पत्ते मोजणे हा गुन्हा असल्याचे विधान पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे, ही विनंती. टल्साजवळच्या एका युनिव्हर्सिटीतल्या मराठी मुलांनी तो लेख त्यांच्या व्हॉट्सॲप गटात फिरवला आहे, तेव्हा दुरुस्तीही त्यांच्यापर्यंत मी स्वतः पोचवीन.

आपली नियमित वाचक,
टल्सा, ओक्लाहोमा